जुना दोन बँडचा ट्रान्झिस्टर: दुरुस्ती की नवा डिजिटल?

सांजवेळ: चार मोठ्या सेलवर चालणारा, मीडियम आणि शॉर्टवेव्हचा सेट. आवाज बारीक. व्हॉल्यूम वाढवला की ‘पुटपुटपुट’ सुरू होतं, बटण फिरवताना खरखर. आउटपुटला एसी १२८ या जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी आहे. दुकानदार म्हणतो पार्ट मिळत नाहीत, नवा घ्या. मला फक्त पुणे केंद्र ऐकायचंय, ७९२ किलोहर्ट्‌झ. मल्टिमीटर आणि २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आहे.

कथील_कारभारी: पुटपुट म्हणजे बहुतेक वेळा सप्लायवरचा मोठा कंडेन्सर वाळलेला. आउटपुटने करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं, तो झोका मागच्या स्टेजला पोचतो आणि सेट स्वतःशीच डोलायला लागतो. आधी सेल नवे घाला, मग १०० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कंडेन्सर जुन्याला समांतर टेकवून बघा. पुटपुट थांबली, की चोर सापडला.

इथेच लोक फसतात. जर्मेनियमच्या बऱ्याच सेटमध्ये सेलची प्लस बाजू अर्थला असते, मायनस नाही. म्हणून आधी मीटरने बघा, मगच जोडा. उलटा लागला तर नवा कंडेन्सरही जाईल.

खरखरीला व्हॉल्यूम कंट्रोलच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीसेकदा फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको.

आता आवाज बारीक का? स्क्रूड्रायव्हरच्या धातूला बोट लावून कंट्रोलची मधली पिन टेकवा. मोठ्याने ‘घूंऽ’ आलं तर ऑडिओ ठीक, दोष त्याच्या आधीच्या, स्टेशन पकडणाऱ्या भागात. (फक्त सेलवर असताना! अडॅप्टर लावून हा उद्योग नको.)

पीएनपी: एक भर. स्टेशन नसताना, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सेलच्या सिरीजमध्ये करंट मोजा. अशा सेटला साधारण १० ते २० मिलिअँपिअर पुरतो. ५० च्या वर असेल आणि एसी १२८ बोटाला गरम लागत असेल तर तो लीक आहे. बदलायचा तर जोडीच बदला. त्या जागी सिलिकॉन नुसता ठोकू नका: जर्मेनियमला बेसवर ०.२ व्होल्ट लागतात, सिलिकॉनला ०.६. बायस (बेसला मिळणारं हे व्होल्टेज) न बदलता बसवलात तर हळू आवाज फाटका येईल. डाग देताना पाय चिमट्यात धरा, उष्णता चिमटा पिईल.

आणि आयएफच्या (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सीच्या) छोट्या धातूच्या डब्यांतले रंगीत स्क्रू फिरवू नका. कृपया. ते ४५५ किलोहर्ट्‌झवर बसवलेले असतात. सहज म्हणून पाव फेरा दिला तरी ट्यूनिंग बिघडतं.

सांजवेळ: १०० चा लावला, पुटपुट गेली, आवाजही उघडला. प्लस खरंच अर्थला होता. आता संध्याकाळी तेवढी ‘भर्रर्र’ अशी घरघर येते.

कथील_कारभारी: ती बहुधा सेटची नाही. एलईडी बल्ब, मोबाईल चार्जर एकेक बंद करून बघा. सेट ९० अंशांत फिरवूनही फरक पडेल. आतला फेराइट रॉड, म्हणजे मीडियमवेव्हची अँटेना, दिशा ओळखतो.

आयसीवाला: डिजिटलला सरसकट नावं ठेवू नका, शेजारची स्टेशनं तो छान वेगळी करतो. पण स्वस्त सेटमध्ये चिप काळ्या डांबरी थेंबाखाली असते, ती गेली की बोर्डच फेकायचं. शिवाय घेताना मीडियमवेव्हची स्टेप, म्हणजे ट्यूनिंग एका वेळी किती पुढे सरकतं ते, बघा. आपल्याकडे ९ किलोहर्ट्‌झ लागते. १० वर अडकलेला सेट ७९० वरून थेट ८०० वर उडी मारेल, ७९२ वर नीट बसणारच नाही.