ओव्हर-द-राइन सुधारलं, पण कोणासाठी?

ओहायोकर: सिनसिनाटीला कोणी पाहुणे आले की आपण त्यांना ओव्हर-द-राइन या जुन्या वस्तीत नेतो. व्हाइन स्ट्रीटवरची रेस्टॉरंटं, २०१२ ला नवं झालेलं वॉशिंग्टन पार्क, २०१६ पासूनची स्ट्रीटकार म्हणजे ट्राम, सगळं छानच आहे. पण पार्कजवळचा बेघरांचा निवारा तिथून हलवलाच ना? आणि डाउनटाउनमधल्या मेट्रोपोल बिल्डिंगमधले गरीब भाडेकरू उठवले, तिथे २०१२ ला आर्ट हॉटेल उघडलं. याला सुधारणा म्हणायला माझं मन तयार नाही.

निखिल_ओएच: पूर्ण असहमत. २००१ मध्ये पोलिसांच्या गोळीने टिमथी थॉमस हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण गेला, दंगल झाली, त्यानंतर तिथे पैसा लावायला कोण तयार होतं सांग? १९०० च्या सुमारास ४० हजारांवर लोक राहायचे तिथे, २००० पर्यंत ८ हजारही उरले नव्हते, शेकडो जुन्या इमारती रिकाम्या, छपरं गळतायत. २००६ ला तर देशातल्या सगळ्यात धोक्यातल्या ऐतिहासिक जागांच्या यादीत नाव आलं. थ्रीसीडीसी या ना-नफा विकास संस्थेने कंपन्यांचे पैसे आणून एकेक इमारत घेतली म्हणून त्या उभ्या तरी आहेत. रिकाम्या घरातून कोणाला हाकललं?

ओहायोकर: अरे पण उरलेले आठ हजार माणसंच होती ना! आणि त्यांच्यातल्या बऱ्याच घरांवर ही दुसरी वेळ. शेजारच्या वेस्ट एंडमधून हायवे आणि कारखान्यांसाठी २५ हजारांच्या आसपास लोक उठवले होते, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय, त्यातले कितीतरी इथे येऊन राहिले. आता इथलंही भाडं परवडत नाही म्हणून पुन्हा सामान बांधायचं?

मेघना: निखिल, इमारती वाचल्या हे मान्य. पण सिटी नव्या काँडोंना, म्हणजे विकायच्या फ्लॅटना, प्रॉपर्टी टॅक्समध्ये वर्षानुवर्षं सूट देते, म्हणजे लोकांचाच पैसा. मग ज्याला सूट हवी त्याने काही घरं कमी भाड्याची ठेवावीत, एवढी अट घालायला काय हरकत आहे?

निखिल_ओएच: अट घातली की बिल्डर नदीपलीकडे केंटकीत जाणार, जुन्या इमारतीचं काम आधीच महाग पडतं, त्यात नफा राहणारच नाही.

मेघना: २००३ ला जाईल हे पटलं असतं. आज तिथे घरासाठी रांगा लागतात, आज कोणी जाणार नाही. तिथल्याच फिंडले मार्केटमध्ये पहाटे माल उतरवणाऱ्याला चालत घरी जाता आलं पाहिजे, माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते सिटी कौन्सिलला एका ठरावात करता येतं.