स्ट्रेस : ताण, तणाव, प्रतिबल की आघात?

‘स्ट्रेस’ दिसला की ‘ताण’ लिहून मोकळं व्हायचं, ही सवय आपल्याला लागली आहे. मनाच्या बाबतीत ते चपखल बसतं. अडतं ते अभियांत्रिकीत. वजन टांगलेल्या तारेत ताण असतो हे खरं, पण छत पेलणाऱ्या खांबावर दाब असतो, आणि स्ट्रेस तर दोन्हींत असतो. म्हणून परिभाषेतला ‘प्रतिबल’ मला पटतो. बाहेरच्या बलाला पदार्थ आतून जो विरोध करतो, त्याचं दर एकक क्षेत्रफळावरचं मान म्हणजे प्रतिबल. १ चौरस मिलिमीटर छेदाची तार १०० न्यूटन बलाने ओढली, तर प्रतिबल १० कोटी पास्कल. त्यामुळे तिच्या आकारात मूळ मापाच्या प्रमाणात जो फरक पडतो, ती विकृती, म्हणजे स्ट्रेन.

संप्रेरकांचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली अपायकारक गोष्टींना शरीर देत असलेल्या प्रतिसादाबद्दल पहिलं टिपण प्रसिद्ध केलं आणि पुढे त्यासाठी ‘स्ट्रेस’ हाच शब्द रूढ केला. मग कारणासाठी त्यांना ‘स्ट्रेसर’ असा वेगळा शब्द काढावा लागला. मराठीतही कारण आणि परिणाम यांची सरमिसळ आहे. ‘कामाचा ताण’ यात ताण हे कारण, तर ‘मला ताण आलाय’ यात परिणाम. बोलताना काही बिघडत नाही, पण लेखात दोन्ही एकत्र आले तर कारणाला ‘ताणकारक’ म्हणावं.

‘तणाव’ मात्र मी जपून वापरते. तो दोन बाजूंमध्ये असतो: सीमेवर तणाव, नात्यात तणाव. एकट्या माणसावर येतो तो ताण. ‘परीक्षेचा तणाव’ वाचलं की मला खटकतं. आणि ‘ताणतणाव’ हा जोडशब्द तर हा फरकच पुसून टाकतो.

उच्चारातला स्ट्रेस म्हणजे आघात. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’च्या पहिल्या शब्दावयवावर (सिलॅबलवर) आघात दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. एखाद्या मुद्द्यावर स्ट्रेस देणं म्हणजे भर किंवा जोर देणं. तिथे ‘ताण देणे’ नको, कारण त्याला आपला वेगळा अर्थ आहे: बहर धरण्यासाठी फळबागेचं पाणी तोडणं.

वाक्यातल्या आघाताचं भाषांतर करताना तर शब्दही शोधावा लागत नाही. इंग्रजीत जिथे आवाजाचा जोर लागतो, तिथे आपला ‘च’ पुरतो: ‘मीच आज जाणार’, ‘मी आजच जाणार’, ‘मी आज जाणारच’.