मदत हवी आहे: पाण्याच्या टाकीवरील वायरलेस सेन्सर हलवला गेल्याचे रेडिओ सिग्नलवरून ओळखता येईल का?

नमस्कार. आमची सोसायटी ऐरोलीत आहे. गच्चीवरील आणि जमिनीखालील टाक्यांमधील पाण्याची पातळी मोजण्यासाठी मी ईएसपी-३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या कंट्रोलर चिपवर चालणाऱ्या ११ पेट्या बसवल्या असून, त्या २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायवरून वॉचमन केबिन, सोसायटी ऑफिस आणि लिफ्टची मशीनरूम येथील तीन रिसीव्हरना दर मिनिटाला माहिती पाठवतात.

गेल्या महिन्यात बी विंगची टाकी निम्म्याहून रिकामी असताना सेन्सर ती भरलेली दाखवत राहिला, त्यामुळे पंप सुरू झालाच नाही आणि सकाळी त्या विंगमध्ये कोणालाही पाणी मिळाले नाही. वर जाऊन पाहिले तेव्हा टाकीच्या तोंडाशी लावलेली पेटी क्लॅम्पवर फिरलेली होती, सेन्सरचे तोंड पाण्याऐवजी इनलेट पाइपाकडे होते आणि मागच्या शेवाळलेल्या भिंतीवर पेटीच्या जुन्या जागेचा स्वच्छ चौकोन दिसत होता. झाकण उघडल्यास कळवणारा स्विच पेटीत आहे, पण झाकण कोणी उघडलेच नव्हते. हे कोणी केले, ते कमिटी पाहील. मला पुढच्या वेळी पाणी जाण्याआधी कळायला हवे.

त्या काळातील नोंदी मी तपासल्या. सिग्नलची ताकद उणे ६१ वरून उणे ६४ डीबीएम झाली होती, पण एवढा चढउतार एरवीही रोज होतो. रिसीव्हर मात्र चॅनल स्टेट इन्फर्मेशन (सीएसआय), म्हणजे वाटेत सिग्नल वेगवेगळ्या वारंवारतांवर किती बदलला याची नोंदही साठवतात. त्यातील ५२ सबकॅरिअरच्या, म्हणजे वाय-फाय चॅनलमधील बारीक वारंवारतांच्या, अ‍ॅम्प्लिट्यूडचा (लहरींच्या उंचीचा) आलेख काढल्यावर फरक लगेच दिसला: आधी एके ठिकाणी असलेली खोल दरी नाहीशी होऊन दुसरीकडे दोन उथळ दऱ्या तयार झाल्या होत्या, आणि हा बदल तिन्ही रिसीव्हरवर एकाच वेळी झाला होता. या वारंवारतेला तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असल्याने, पेटी दोन-तीन सेंटिमीटर सरकली तरी भिंती आणि पाइपांवरून परतणाऱ्या लहरींची बेरीज बदलते, हे त्यामागचे कारण असावे.

त्यानंतर मी रोज पहाटे २ ते ४ या वेळेतील पॅकेट घेतो, रिसीव्हर स्वतःचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) बदलत असल्याने प्रत्येक पॅकेटचे अ‍ॅम्प्लिट्यूड त्याच्या सरासरीने भागतो, आणि त्यांचा मध्यक मागील सात दिवसांच्या आलेखाशी ताडून पाहतो. तिन्ही दुवे (पेटीपासून प्रत्येक रिसीव्हरपर्यंतची रेडिओ-वाट) एकदम बदलले तर पेटी हलली आणि एकच बदलला तर त्या रिसीव्हरजवळ काहीतरी बदलले, असा माझा नियम आहे.

गच्चीवर हा नियम चांगला चालतो. जमिनीखालील टाक्यांच्या पेट्या मात्र स्टिल्ट पार्किंगला लागून आहेत, आणि पेटीच्या अगदी शेजारी रात्रभर वेगळी गाडी उभी राहिली की तिन्ही दुवे बदलतात व खोटा इशारा येतो. मुसळधार पावसानंतर भिंती ओल्या झाल्या की आलेख हळूहळू सरकतो, तो त्रास वेगळाच. संदर्भाचा आलेख रोज अद्ययावत केला तर पावसाचे खोटे इशारे थांबतात, पण मग कोणी पेटी दररोज थोडी थोडी फिरवली तर तो बदलही त्यात मुरून जाईल, ही मला खरी भीती वाटते.

जाणकारांना माझी विनंती अशी की, गाडी आणि हललेली पेटी यांतील फरक ओळखण्यासाठी शेजारच्या पेटीचे दुवे वापरावेत का, हे कृपया सांगावे. गाडीचा परिणाम दोन्ही पेट्यांवर व्हावा आणि फिरवल्याचा एकीवरच, असा माझा तर्क आहे, पण दोन पेट्यांमध्ये सुमारे चार मीटर अंतर आहे आणि ते जास्त तर नाही ना, याची शंका वाटते. दुसरे असे की, दोन उपकरणांच्या क्रिस्टलमधील (वारंवारता ठरवणाऱ्या घटकांमधील) फरकामुळे आणि पॅकेट ओळखण्याच्या वेळेतील चुकीमुळे फेज (लहर तिच्या चक्रात कुठे आहे ते) प्रत्येक पॅकेटला बदलत असल्याने मी ती वापरलेली नाही. सबकॅरिअरवरील सरळ उतार वजा करून उरलेली फेज कोणी प्रत्यक्ष वापरून पाहिली आहे का?

पेट्यांना ओलाव्यापासून वाचवण्यासाठी आत रेझिन ओतलेले असल्याने अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल ओळखणारा सेन्सर) नव्याने बसवणे शक्य नाही. कोणाला तपासून पाहायच्या असतील तर बी विंगच्या त्या रात्रीच्या तिन्ही रिसीव्हरच्या नोंदी मी येथे जोडतो.