टॉय पियानोची एक सळई बेसूर झालीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमेरिकी संगीतकार जॉन केज यांची १९४८ सालची 'स्वीट फॉर टॉय पियानो' (स्वीट म्हणजे Suite, छोट्या तुकड्यांची मालिका; टॉय पियानो म्हणजे खेळण्यातला पियानो) बसवते आहे. अवघ्या नऊ पांढऱ्या पट्ट्यांत अख्खी रचना, त्यामुळे एक सूर जरी हलला तरी लगेच कानाला खटकतो. माझ्या पियानोत तारा नाहीत, हातोडी धातूच्या सळईवर आपटते. त्यातली एक सळई उतरलीय आणि वाजली की झणझणतेही. मोकळं टोक कानशीने घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, एवढं ठाऊक आहे. कोणी हे स्वतः केलंय का? कानस किती बारीक घ्यावी? झणझण बुडाच्या पकडीतून येत असेल का? दुरुस्तीवाले खेळणं म्हणून हातच लावत नाहीत, मला मात्र ते वाद्य म्हणून सुरात हवंय.