'ज्ञात फाइल' म्हणजे सुरक्षित फाइल का?

प्रश्न : संगणक-तपासाच्या एका अहवालाचा मराठी मसुदा वाचते आहे. 'ज्ञात फाइली हॅशवरून ओळखून वगळल्या' या वाक्यात संपादकांनी 'ज्ञात' काढून 'सुरक्षित' घातलंय, वाचकाला लगेच कळावं म्हणून. चालेल?

प्रतिसाद : नको, 'ज्ञात'च राहू द्या. हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली, तिची ओळख पटवणारी छोटी खूण. अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा 'नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी' नावाचा संग्रह आहे. सॉफ्टवेअरच्या मूळ प्रतींमधल्या फाइलींचे हॅश काढून, कोणती फाइल कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीतली, याची तिथे नोंद असते. तपासनीस जप्त केलेल्या डिस्कवरच्या फाइलींचे हॅश त्या यादीशी ताडून पाहतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या हजारो फाइली अशा चटकन बाजूला पडतात. पण त्याच संग्रहात हॅकिंगची साधनंही आहेत, चित्रात मजकूर दडवणारी सॉफ्टवेअरंही आहेत! त्यामुळे 'ज्ञात' याचा अर्थ एवढाच, की फाइल कुठली ते ठाऊक आहे. 'सुरक्षित' लिहिलंत तर तपासनीसांनी न केलेलं विधान त्यांच्या नावावर छापलं जाईल.

दुसरा प्रतिसाद : सहमत. 'अज्ञात'चं 'संशयास्पद' झालं नाही ना, तेही बघा. आपण लिहिलेलं पत्र, काढलेला फोटो कुठल्याच यादीत नसतो. फाइलमधला एक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यांत लहान कण, बदलला तरी हॅश पार वेगळा येतो, म्हणून वापरात बदलत जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलीही अज्ञातच ठरतात. नुसतं नाव बदललं तर मात्र हॅश तोच, कारण तो आतल्या मजकुरावरून निघतो.

प्रश्नकर्ती : आभार. एके ठिकाणी हॅशला 'कूटलेखन' म्हटलंय.

प्रतिसाद : ते साफ चूक. कूटलेखन किल्लीने उलगडून मूळ मजकूर परत मिळतो. हॅशमधून फाइल परत मिळत नाही. फाइल केवढीही असो, शा-२५६ या प्रकारचा हॅश नेहमीच्या लेखनात ६४ अक्षरांचाच. 'हॅश' सरळ वापरा, तो रुळलाय. आणि प्रकारही लिहा : एमडी५, शा-१ की शा-२५६. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी शा-१ हॅश एकच असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या, म्हणजे हॅश जुळण्यावर किती विसंबायचं ते प्रकारावर ठरतं. मसुद्यात नुसतं 'हॅश जुळला' असेल, तर कोणता, ते मूळ लेखकांना विचारून घ्या.