जुना 'स्टेजकोच' की चार गायकांवाला टीव्ही रिमेक? बाबांना आधी कुठला दाखवू?

खिडकीची_जागा
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. बाबा नाशिकहून आमच्याकडे ऑस्टिनला आलेत आणि डाउनटाऊनला सेकंड स्ट्रीटवरचा कंट्री गायक (अमेरिकन ग्रामीण ढंगाची गाणी) विली नेल्सनचा पुतळा बघितल्यापासून त्यांना ह्या दोन वेण्यावाल्या माणसाबद्दल सगळं जाणून घ्यायचंय, सकाळच्या चहाबरोबर त्याचीच गाणी लावून बसतात. त्यात वेस्टर्न (घोडे-बंदुकांवाले काऊबॉय सिनेमे) म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पुण्यात कॉलेजला होते तेव्हा अलका टॉकीजला लागलेले सगळे बघून झालेत. तर शोधता शोधता मला कळलं की १९८६ मध्ये 'स्टेजकोच'चा (म्हणजे प्रवासी घोडागाडी, सिनेमा तिच्यातल्या प्रवाशांचा) टीव्हीसाठी रिमेक झाला होता आणि त्यात विली नेल्सन, जॉनी कॅश, वेलन जेनिंग्ज आणि क्रिस क्रिस्टोफरसन असे चौघंही आहेत!! १९३९ चा मूळ बाबांनी बघितलेला नाही. तो आधी दाखवू का डायरेक्ट हाच लावू? आणि ह्या गायक लोकांचे अजून कुठले वेस्टर्न बघण्यासारखे आहेत?

गवती_चहा
मूळच आधी, ह्यात दुसरा विचार नको. दिग्दर्शक जॉन फोर्डचा सिनेमा आहे, दीड तासाच्या आसपास आहे, कुठेही रेंगाळत नाही. जॉन वेन पहिल्यांदा दिसतो तो शॉट बघा, एका हातात खोगीर, दुसऱ्या हातात रायफल गरकन फिरवतो आणि कॅमेरा सरळ त्याच्या चेहऱ्यावर धावून जातो, त्यात क्षणभर फोकससुद्धा हलतो पण फोर्डने तो तसाच ठेवला. वेन त्याआधी कितीतरी वर्षं स्वस्तातल्या वेस्टर्नमध्ये राबत होता, ह्या सिनेमाने त्याला वर काढलं. आणि पाठलागात याकिमा कॅनट नावाचा स्टंटमन पळत्या घोड्यांच्या मधे खाली पडतो आणि सगळी गाडी त्याच्या अंगावरून निघून जाते, ते खरोखर केलेलं आहे, कॉम्प्युटर नाही काही नाही.

पण माझ्या मते सिनेमाचा जीव आहे तो जेवणाच्या टेबलाच्या सीनमध्ये. डॅलस ही गावाने हाकलून दिलेली बाई, रिंगो म्हणजे जॉन वेन, तुरुंगातून पळालेला. तो तिला मानाने खुर्ची देतो तशी बाकीची प्रतिष्ठित मंडळी उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात, आणि ह्या भोळ्या पोराला वाटतं की आपल्यामुळेच उठले. पुढे गाडीत तो जुगारी हॅटफील्ड लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोला चांदीच्या पेल्यातून पाणी देतो, डॅलसला मात्र पेला नाही. पंक्तिभेद ज्यांनी घरात, गावात बघितलाय त्यांना हे कोणी समजावून सांगायला नको. बाबांना शंभर टक्के भिडेल.

रिमेक नाही बघितला तरी चालेल असं माझं स्पष्ट मत. पन्नाशीला टेकलेला क्रिस्टोफरसन 'रिंगो किड' म्हणून कसा पटायचा? वेन तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला होता.

तंबोरा
गवती_चहा, मूळ आधी बघावा ह्याला माझंही अनुमोदन, पण रिमेक सोडून द्या हे मला अजिबात पटत नाही, आणि खिडकीची_जागा यांच्या बाबांसाठी तर मुळीच नाही.

जरा मागची गोष्ट सांगते. १९८४ मध्ये जॉनी कॅशच्या ख्रिसमस स्पेशलच्या निमित्ताने हे चौघं स्वित्झर्लंडला माँट्रोला जमले, तिथून एकत्र रेकॉर्डिंगची कल्पना पुढे आली आणि १९८५ मध्ये अल्बम आला. त्यातलं 'हायवेमन' हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. त्यात चार कडवी, एकच आत्मा चार जन्म घेतो, वाटमाऱ्या, खलाशी, धरण बांधणारा आणि शेवटी अंतराळयानाचा कप्तान, आणि एकेक कडवं एकेकाने गायलंय. विली सुरुवात करतो, मग क्रिस, मग वेलन आणि शेवटी कॅशचा तो खर्जातला आवाज येतो. १८ मे १९८६ ला सीबीएस ह्या अमेरिकन वाहिनीवर हा 'स्टेजकोच'चा टीव्ही सिनेमा लागला तेव्हा लोकांना हे चौघं एकाच घोडागाडीभोवती बघायचे होते. म्हणून तो फोर्डशी स्पर्धा म्हणून न बघता ह्या चौघांची सोबत म्हणून बघायचा.

वाटणी अशी: कॅश मार्शल (कायद्याचा अधिकारी) कर्ली, क्रिस्टोफरसन रिंगो, वेलन जुगारी हॅटफील्ड आणि विली डॉक्टर. पण इथे एक मोठा बदल आहे, मूळातला दारुडा डॉक्टर बून काढून त्याजागी डॉक हॉलिडे आणलाय, म्हणजे टूमस्टोनच्या १८८१ च्या त्या गोळीबारातला खरा माणूस, शिक्षणाने दाताचा डॉक्टर, क्षयाने पोखरलेला. मूळात थॉमस मिचेलला बूनच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं होतं, त्या लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी बूनला काळी कॉफी पाजून पाजून शुद्धीवर आणतात तो प्रसंग फार सुंदर आहे, त्याची सर इथे नाही. पण विली अभिनय करतोय असं वाटतच नाही, बोलतोसुद्धा गातो तसाच, तालाच्या जरा मागे राहून, आणि बाबांना नेमकं तेच आवडलेलं असणार ना?

वयाचं म्हणाल तर मला उलट वाटतं. डॅलसचं काम एलिझाबेथ अ‍ॅश्लीने केलंय, तीही तेव्हा चाळिशी पार केलेली. दोन पोळलेली माणसं अर्ध्या वाटेवर भेटतात, हा वेगळा रंग आहे आणि मला तो खरा वाटला. क्रिस्टोफरसनचा चेहराच असा आहे की त्याने काही न बोलता नुसतं खिडकीबाहेर बघितलं तरी मागची सगळी वर्षं दिसतात.

अजून काय काय सापडेल बघा. गाडी हाकणारा बक म्हणजे जॉन श्नायडर, 'ड्यूक्स ऑफ हॅझर्ड'मधला बो, आणि त्या मालिकेचं निवेदन वेलन जेनिंग्जनेच केलेलं, शीर्षकगीतही त्याचंच. कॅशची बायको जून कार्टर आणि वेलनची बायको जेसी कोल्टर ह्या दोघीही छोट्या कामांत आहेत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, लूसी मॅलरी, म्हणजे ती लष्करी अधिकाऱ्याची बायको, झालेली मेरी क्रॉस्बी ही गायक-नट बिंग क्रॉस्बीची मुलगी, आणि १९६६ मध्ये ह्याच कथेचा जो रंगीत रिमेक आला होता त्यात डॉक्टर बून होता खुद्द बिंग क्रॉस्बी. बाप एका स्टेजकोचमध्ये, लेक दुसऱ्यात.

पायवाट
दोन्ही बघा, पण बाबांशी अपाची लोकांबद्दल, म्हणजे सिनेमात गाडीवर हल्ला करणाऱ्या मूळनिवासी जमातीबद्दल, नक्की बोला. मूळ सिनेमा मोन्युमेंट व्हॅलीत झालाय, ती नावाहो ह्या दुसऱ्या मूळनिवासी लोकांची जमीन, आणि अपाची म्हणून घोड्यांवर दिसतात तेही नावाहोच. सिनेमात त्यांना ना चेहरा ना शब्द, फक्त टेकडीवरून येणारं संकट. मला हे दरवेळी टोचतं आणि तरीही मी तो सिनेमा पुन्हा बघतो. जॉनी कॅशने १९६४ मध्ये मूळनिवासी लोकांच्या दुःखावर 'बिटर टिअर्स' हा पूर्ण अल्बम काढला होता, रेडिओवाले त्यातलं गाणं लावेनात तेव्हा बिलबोर्ड मासिकात पानभर जाहिरात देऊन त्यांना जाब विचारला होता. तोच माणूस ह्या कथेत मार्शल होऊन बसलाय हे डोक्यात ठेवून बघितलं की रिमेक वेगळाच दिसतो. कॅशचा 'अ गनफाइट' (१९७१, समोर कर्क डग्लस) पण बघा, त्याला पैसा हिकारिया अपाची जमातीने पुरवला होता.

निवांत_काका
टीव्हीचं सेटिंग आधी तपासा. दोन्ही सिनेमे जवळपास चौकोनी फ्रेमचे आहेत, हल्लीच्या रुंद टीव्हीवर ताणून लावले की घोडे बुटके आणि माणसं जाडी दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

खिडकीची_जागा
बापरे, केवढी माहिती, सगळ्यांचे मनापासून आभार! तंबोरा ताई, रिमेकमध्ये गाण्यांची मेजवानी असेल अशी बाबांनी आशा ठेवावी का? आणि उच्चार त्यांना झेपतील का, जॉनी कॅशचं बोलणं मलाच कधी कधी कळत नाही.

तंबोरा
नाही हो, गाण्यांच्या अपेक्षेने अजिबात बसवू नका त्यांना, सरळ सरळ वेस्टर्न आहे, टोळीचा धोका, बंद गाडी, एकमेकांना न सोसणारी माणसं. गाण्यांची हौस आधी अल्बम ऐकून भागवा. आणि सबटायटल लावूनच बघा, मी इतकी वर्षं कंट्री ऐकतेय तरी मीही लावते. स्ट्रीमिंगवर नाही मिळाला तर पब्लिक लायब्ररीत डीव्हीडीची चौकशी करा.

गवती_चहा
तंबोरा, दोन पोळलेल्या माणसांचा मुद्दा मान्य, त्यासाठी एकदा लावेन. पण पेल्याचा सीन मात्र फोर्डचाच!

पुढच्या यादीत विलीचा 'बार्बारोसा' (१९८२) घाला, डोंगरातला म्हातारा दरोडेखोर झालाय, हा मी कोणालाही डोळे झाकून सुचवते, त्याचं सगळ्यात चांगलं काम तेच. क्रिस्टोफरसनसाठी 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' (१९७३), त्यात तो बिली आहे आणि बॉब डिलनही आहे, फक्त हिंसा बरीच आहे, बाबांना चालणार असेल तरच. त्याचाच 'हेवन्स गेट' साडेतीन तासांवर जातो, तो घाईने लावू नका.

खिडकीची_जागा
बाबा म्हणतायत पेल्याचा सीन आधी. मग शुक्रवारी मूळ, शनिवारी दुपारी अल्बम आणि रात्री रिमेक, असं ठरलंय. 'बार्बारोसा' लायब्ररीत आहे, आत्ताच राखून ठेवला.