मदत हवी आहे : नीड फॉर स्पीडची (एनएफएस) क्रमवारी लावतोय, मतं मोजायची कशी?

पार्कचौक

आम्ही सात जण, सगळे सोलापूरचे. आता निम्मे पुण्यात, एक हैदराबादला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बहुतेक सगळे घरी येतात. यंदा जमलो की नीड फॉर स्पीड या कार रेसिंगच्या गेम्सची यादी एकदाची लावून टाकायची, असं ग्रुपवर ठरलंय. ठरलं म्हणजे भांडणातून ठरलं. दोघे तर सध्या एकमेकांशी फक्त अंगठ्याची इमोजी टाकून बोलतात.

मी प्रत्येकाकडून दहापैकी मार्क मागवले. न खेळलेला गेम कोरा सोडायचा, एवढाच नियम. बेरीज केली की २००५ चा मोस्ट वाँटेड पहिला येतो, कारण तो सातही जणांनी खेळलाय; बेरीज ६२. सरासरी काढली की २००० सालचा पोर्शे अनलीश्ड पहिला, कारण तो एकट्यानेच खेळलाय आणि पठ्ठ्याने दहापैकी दहा दिलेत. बाकीच्यांना असा गेम होता हेच माहीत नव्हतं. बेरजेत कमी लोकांनी खेळलेला गेम मरतो, आणि सरासरीत एकटा माणूस सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

दुसरा घोळ नावांचा. मोस्ट वाँटेड दोन आहेत, २००५ चा आणि २०१२ चा. हॉट पर्सूट तर तीन: १९९८ चा तिसरा भाग, २००२ चा हॉट पर्सूट २ आणि २०१० चा. एकाने नुसतं "हॉट पर्सूट, ८" असं लिहून पाठवलंय. कुठला म्हणून विचारलं तर म्हणे, "ज्यात पोलीस मागं लागतात तो बे." तिन्हीत लागतात.

खरी अडचण तिसरी आहे. आमची बहुतेकांची मतं नवी पेठेतल्या एका गेमिंग कॅफेत तयार झालीत. तिथं सगळ्यांचं एकच प्रोफाइल असायचं, आणि कोण ना कोण ते उडवायचंच. म्हणजे २००५ चा मोस्ट वाँटेड दर वेळी पुन्हा पहिल्यापासून: पुन्हा तीच पुंटो किंवा कोबाल्ट घ्या, पुन्हा ब्लॅकलिस्टमधल्या (एकेक करून हरवायच्या पंधरा रेसर्सची यादी) पंधराव्या नंबरच्या सनीला हरवा, मग ताझ, मग विक. फार तर दहाव्या नंबरच्या बॅरनपर्यंत जायचं, तोवर तास संपायचा नाहीतर लाइट जायची. मशीनचा यूपीएस टूं टूं करायला लागला की पोलिसांचा पाठलाग सोडून सेव्ह करायची धडपड, आणि पाठलाग चालू असताना सेव्ह होतंय कुठं. पहिल्या नंबरच्या रेझरपर्यंत पोचलेले आमच्यात दोघेच, आणि तेही नंतर घरी कॉम्प्युटर आल्यावर. बाकीच्यांनी दिलेले नऊ-नऊ मार्क पहिल्या तिसऱ्या हिश्शाचे आहेत. ते धरायचे का?

तर विचारायचं असं: (१) मार्क मोजायची नीट पद्धत कोणती? (२) अर्धवट खेळलेल्या गेमचं मत चालतं का? (३) मधले जे गेम आमच्यात कुणी फारसे खेळलेच नाहीत, त्यातले कोणते गड्ड्याच्या आधी खेळून घ्यावेत? सगळ्यांकडे साधे लॅपटॉप आहेत, वेगळं ग्राफिक्स कार्ड एकाकडेच.

बेव्ह्यूचा_रहिवासी

मोजायचं काय त्यात, अंडरग्राउंड २ पहिला. झालं की.

पार्कचौक

अंगठ्यावर बोलणाऱ्या दोघांपैकी एक तूच की काय बे?

बेव्ह्यूचा_रहिवासी

नाही रे, मी पंढरपूरचा. पण कारण सांगतो. मालिकेत अख्खं शहर मोकळं फिरायला पहिल्यांदा मिळालं ते २००४ च्या या गेममध्ये, बेव्ह्यू नावाच्या शहरात. पोलीस नाहीत, म्हणून लोक नाक मुरडतात. पण पोलीस नाहीत म्हणूनच माणूस निवांत फिरतो, दुकानं हुडकतो, गाडीखाली निऑन लावतो, डिकीत स्पीकर बसवतो. गाडी किती नटवली याचे स्टार मिळतात, आणि ते वाढवल्याशिवाय पुढचं काम मिळत नाही. मोस्ट वाँटेडमध्ये गाडी आपली वाटायच्या आत ती सोडून दुसरी घ्यावी लागते. अंडरग्राउंड २ मध्ये मी एकच निसान शेवटपर्यंत नेली. शेवटी शेवटी ती इतकी भडक झाली होती की लग्नाच्या वरातीत चालली असती.

वाईट काय ते पण सांगतो. एसयूव्हीच्या शर्यती कंटाळवाण्या आहेत, आणि पुढची शर्यत शोधायला शहरभर हिंडायला लागतं. तरी पहिलाच.

आकडेमोड

धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ही अडचण तुमची एकट्याची नाही. जिथं जिथं कमी-जास्त लोक मार्क देतात तिथं ती येते. उपाय साधा आहे. प्रत्येक गेमला सुरुवातीलाच काही डमी मतं द्यायची, मध्यम मार्कांची. तुमच्या तक्त्यातल्या सगळ्या मार्कांची सरासरी समजा सहाच्या आसपास असेल, तर प्रत्येक गेमला सहा मार्कांची तीन डमी मतं जोडा आणि मग सरासरी काढा. सात जणांनी खेळलेल्या गेमला त्याने फारसा फरक पडत नाही. एकानेच खेळलेला गेम मात्र मधल्या पातळीकडे ओढला जातो. "एकाला आवडलंय म्हणजे चांगलं असेलही, पण अजून पुरेशी माणसं भेटली नाहीत," इतकंच ते गणित म्हणतं.

नावांच्या घोळासाठी प्रत्येक नावापुढे साल लिहायची सक्ती करा. हॉट पर्सूट २ बाबत मशीनपण लिहा: प्लेस्टेशन २ वरचा ब्लॅक बॉक्स स्टुडिओने केलेला, पीसीवरचा ईएच्या (ही मालिका काढणारी कंपनी) सिअॅटलच्या स्टुडिओने. नाव एक, गेम वेगळे. ज्याने प्लेस्टेशनवर खेळलाय त्याचं मत पीसीवाल्याला लावू नका.

रात्रपाळी

डमी मतं ठीक आहेत, पण मार्क देण्यातच गडबड असते. एक माणूस सगळ्यांना आठच्या वर देतो, दुसरा हात आखडता घेतो. त्यापेक्षा जोड्या लावा. दोन गेम घ्या, ज्यांनी दोन्ही खेळलेत त्यांनाच विचारा की यातला कुठला. बाकीच्यांनी गप्प बसायचं. जो गेम जास्त जोड्या जिंकेल तो वर.

अर्धवट खेळलेल्याचं मत घ्या, बिनधास्त घ्या. रेसिंग गेम म्हणजे कादंबरी नव्हे. पहिल्या दोन तासांत गाडी हाताला कशी लागते ते कळलेलं असतं. फक्त मोस्ट वाँटेडची खरी मजा वरच्या हीट लेव्हलला आहे, म्हणजे पोलीस जास्तीत जास्त चवताळतात तेव्हा. पाचव्या लेव्हलला सार्जंट क्रॉस स्वतः कॉर्व्हेट घेऊन मागं येतो, समोरून जाडजूड एसयूव्ही धडक द्यायला येतात, रस्त्यावर काट्यांच्या पट्ट्या पडतात, आणि आपण त्या डोनटच्या दुकानावरचा मोठा डोनट पाडून दोन-तीन गाड्या त्याखाली गाडतो. बॅरनपर्यंतच गेलेल्यांनी हे पाहिलं असायची शक्यता कमी. म्हणजे त्यांचे नऊ मार्क कमीच आहेत, जास्त नाहीत.

विजापूररोड

(३) बद्दल. मिळणार काय, ते आधी बघा. २००५ चा मोस्ट वाँटेड किंवा अंडरग्राउंड २ आज ऑनलाइन दुकानात विकत मिळत नाही. कार्बन, अंडरकव्हर आणि द रन हे २०२१ मध्ये ईएने विक्रीतून काढून टाकले. म्हणजे जुन्यांसाठी कुणाकडे मूळ डिस्क असेल तरच. आणि त्या काळच्या बऱ्याच डिस्कवर नक्कल रोखणारं सेफडिस्क नावाचं कुलूप आहे, ते विंडोज १० मध्ये चालत नाही. घरात एक्सपीवालं जुनं मशीन पडलं असेल तर ते भंगारात देऊ नका. इथं कुणी फुकट डाउनलोडच्या लिंका मागू नये, धागा उडेल.

विकत मिळणाऱ्यातला पहिला माझ्या मते २०१० चा हॉट पर्सूट, त्याची रिमास्टर २०२० मध्ये आली. पोलीस आपण, चोरपण आपण. क्रायटेरियन स्टुडिओने त्यातल्या सीक्रेस्ट काउंटीचे रस्ते असे लांब-रुंद ठेवलेत की घाटात दोनशेच्या पुढं गाडी आडवी घालता येते. गाडी नटवणं-बिटवणं फारसं नाही. कथा नाही. कुणाला वाचायला लावायचं नाही, सांगायचं नाही, दिली की चालवली.

नंतर हीट, २०१९ चा. दिवसा कायदेशीर शर्यती करून पैसे, रात्री पोलिसांच्या अंगावर जाऊन नाव. रात्रीची कमाई घरी पोचल्यावरच पक्की होते, पकडलं की फटका बसतो. कॅफेतल्या लोकांना हा आवडेल. पण याला ग्राफिक्स कार्ड लागतं. २०१५ च्या नुसत्या 'नीड फॉर स्पीड' नावाच्या गेमला सतत इंटरनेट लागतं, गड्ड्याच्या दिवसांत मोबाइलच्या नेटवर्कवर तर नादच सोडा. पेबॅक सोडला तरी चालेल. त्यात गाडी सुधारायची म्हणजे पत्ते काढत बसायचं.

बेव्ह्यूचा_रहिवासी

कार्बनला एकदम असं सोडू नका. शहर लहान, शर्यती पटकन संपतात, मान्य. पण त्या दरीतल्या लढती! पहिल्या फेरीत आपण पुढच्याच्या मागं चिकटून मार्क कमवायचे, दुसऱ्या फेरीत तो आपल्या मागं येऊन ते खाणार. कठडा तोडून खाली गेलात की खेळ खलास. मालिकेत हाताला घाम आणणारं दुसरं काही नाही.

आकडेमोड

आणि पोर्शेवाल्याची चेष्टा करू नका हां. १९५० पासूनच्या गाड्या, पोर्शे ३५६ ने सुरुवात, तीन कालखंड. जुनी ९११ वळणावर ब्रेक दाबून घातली की मागून फिरते, कारण इंजिन मागं आहे, आणि ते त्या गेममध्ये २००० साली जाणवायचं. त्याचे दहा मार्क समजू शकतो.

पार्कचौक

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून गणित केलं. सहा मार्कांची तीन डमी मतं धरून:

मोस्ट वाँटेड २००५ : ८.०
अंडरग्राउंड २ : ७.६७ (सहा जण, बेरीज ५१)
हॉट पर्सूट २०१० : ७.१७ (तीन जण, बेरीज २५)
पोर्शे : ७.०
हीट : ६.६ (दोघे, बेरीज १५)
अंडरकव्हर : तळाला, ५.४. पाच जणांनी खेळून मिळून २५ दिलेत, त्याबद्दल कुणाचं भांडण नाही.

नुसतं "हॉट पर्सूट, ८" वाल्याला फोन करून विचारलं. २०१० चाच निघाला, त्या पंचवीसमध्ये धरलाय.

@आकडेमोड, पोर्शेवाला आता म्हणतोय तीनच डमी का? एकच धरून बघितलं तर त्याचा गेम हॉट पर्सूटच्या वर, तिसरा येतो. काय सांगू त्याला?

आकडेमोड

दोन धरून बघा, पाच धरून बघा. मी केलं. दोन्हीत हॉट पर्सूट तिसरा, पोर्शे चौथा. एक डमी म्हणजे त्याच्या मताला जवळजवळ मोकळं सोडणं. पहिले दोन तर काहीही धरा, हलत नाहीत. त्याला तिसरा यायचं असेल तर आणखी एकाला तो गेम खेळायला लावावा, गणितावर चिडून उपयोग नाही.

रात्रपाळी

पहिल्या दोघांची जोडी लावलीस का?

पार्कचौक

लावली, आणि तिथंच बोंब आहे. मोस्ट वाँटेड आणि अंडरग्राउंड २ दोन्ही खेळलेले सहा जण. तिघांचे मार्क इकडे जास्त, तिघांचे तिकडे. सातवा हैदराबादचा, त्याने अंडरग्राउंड २ कधी बघितलाच नाही; कॅफेतल्या त्याच्या कोपऱ्यातल्या मशीनवर तो टाकलेलाच नव्हता.

रात्रपाळी

मग दुसरं काही करू नका. त्याला खेळायला बसवा.

पार्कचौक

तेच ठरलंय. मूळ डिस्क एकाकडे सापडली, वरचं कव्हर नाही पण चकती ठीक आहे. जुळे सोलापुरात माझ्या मावशीकडे एक्सपीचं मशीन अजून आहे, गॅसच्या सबसिडीचं काहीतरी त्यावर बघायचं म्हणून काकांनी ठेवलेलं. हैदराबादवाला दोन दिवस आधी येतोय. त्याला अट एकच: खेळताना मागं कुणी उभं राहून बोलायचं नाही, दोन्ही बाजूंनी नाही. मार्क तो चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे देणार.

आता शेवटची मदत: त्या मशीनला जुना सीआरटी मॉनिटर होता तो गेला. नवीन रुंद स्क्रीन जोडली तर गाड्या चपट्या दिसतील ना?

विजापूररोड

दिसतील, गेम ४:३ चा आहे. मॉनिटरच्या मेनूत आस्पेक्ट रेशो ४:३ कर, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, गाड्या सरळ दिसतील. तसा पर्याय नसेल तर फॅन लोकांनी केलेला वाइडस्क्रीन फिक्स आहे, पण परक्याच्या मशीनवर कशाला फाइली टाकायच्या. आणि व्हीजीएची केबल आधी बघून ठेव, नवीन मॉनिटरला नुसतं एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टर लागेल.